तीर्थपुरीचा बिंदू

नकाशात सगळ्यात मोठा बिंदू तीर्थपुरीचा आला. पडद्यावर तो तांबडा दिसत होता. एका बाजूला जालना जिल्ह्यातल्या दोन डझन लहानमोठ्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला समुद्रातल्या एका बेटावरची कंपनी, आणि मधली जवळजवळ प्रत्येक रेषा या एका बिंदूवरून जात होती. प्रकल्पाच्या प्रमुख बाईंनी पुण्याहून फोन केला.

"हा माणूस कोण आहे ते शोधा. हाच मध्यस्थ. जालन्याचं सगळं प्रकरण याच्यावर उभं राहणार आहे."

बिंदूखाली नाव नव्हतं. एक ई-मेल पत्ता होता आणि एक मोबाइल नंबर. मी नंबर लावला. मागे प्रिंटरचा आवाज, चार-पाच माणसांची बोलणी, आणि एका बाईचा आवाज.

"ऑनलाइन सेंटर, बोला. पीक विम्याचं असंल तर सर्व्हर डाऊन हाय. उद्या या."

हे काम माझ्याकडे कसं आलं ते सांगायला हवं. जालन्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी तेवीस वर्षं काढली. जिल्हा आवृत्ती बंद झाली तेव्हा माझ्याजवळ विकण्यासारखं फारसं काही नव्हतं. कागद बारकाईने वाचायची सवय होती, आणि जिल्ह्यातली गावं, आडनावं, पेढ्या यांची माहिती होती. पुण्यातल्या एका संशोधन गटाला तेच हवं होतं. देशोदेशी पसरलेल्या धंद्यांचा नफा जिथे कर कमी तिथे कसा नेऊन ठेवला जातो, याचा हा गट अभ्यास करत होता. कर चुकवणं हा गुन्हा आहे. कर टाळणं बहुतेक वेळा गुन्हा नसतो. त्यात काही लपवलेलं नसतं. कागद असतात, सह्या असतात, शिक्के असतात. फक्त ते तीन-चार देशांतल्या दप्तरांत विखुरलेले असतात आणि कुणी एका जागी लावून पाहत नाही.

नेटवर्क विश्लेषण म्हणजे ते एका जागी लावणं. प्रत्येक कंपनी एक बिंदू, प्रत्येक माणूस एक बिंदू. मालकी, संचालकपद, पत्ता, फोन यातलं काहीही सामाईक निघालं की दोन बिंदूंमध्ये रेषा ओढायची. मग संगणक मोजतो की कुठल्याही दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा रस्ता कोणत्या बिंदूवरून जास्त वेळा जातो. तो बिंदू मोठा दिसतो. नदीवर एकच पूल असला तर सगळी वर्दळ त्याच पुलावर दिसते, तसं. संशोधकांना पूल हवा असतो, कारण पुलावर उभा असलेला माणूस बहुधा सल्लागार, दलाल किंवा नावापुरता संचालक निघतो.

जालना त्यांनी बियाण्यांमुळे निवडलं. इथल्या बियाणे कंपन्यांचा माल देशभर जातो, काहींचा बाहेरही जातो. माझं काम याद्या साफ करण्याचं होतं. कंपन्यांनी सरकारदरबारी भरलेले फॉर्म एका बाजूला, बाहेर फुटलेली परदेशी कागदपत्रं दुसऱ्या बाजूला, आणि इकडचा माणूस तिकडचाच आहे का हे ठरवायचं. नावावर विसंबता येत नाही. एकाच नावाची, एकाच वडिलांच्या नावाची दोन माणसं भोकरदन तालुक्यातल्या धावड्यासारख्या एका गावात सहज मिळतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी नियम सुचवला. दोन स्वतंत्र खुणा जुळल्या तर माणूस एक समजायचा. मोबाइल आणि ई-मेल दोन्ही जुळले की बिंदू एकत्र करायचे. डेस्कवर मी हेच केलं होतं. एकाने सांगितलेलं छापायचं नाही, दुसऱ्याचा दुजोरा आला की छापायचं. बाईंना नियम पसंत पडला. अहवालात अभ्यासाची पद्धत सांगणारं जे प्रकरण असतं, त्यात तो माझ्याच शब्दांत गेला.

अंबडमार्गे एसटीने मी तीर्थपुरीला गेलो. सेंटर बाजाराच्या रस्त्यावर, खताच्या दुकानाला लागून होतं. दोन संगणक, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र आणि दारात एक लोखंडी बाक. बाकावर सहा माणसं होती, दोन उभी होती. सेंटर चालवणारी बाई चाळिशीची. तिचं माहेर वाटूरचं. वडील मेंढरं राखत, भाऊ आता शेती करतो. तिने लग्नानंतर अंबडला संगणकाचा कोर्स केला आणि गावात पहिलं सेंटर काढलं.

मी ओळख करून दिली. तिने खुर्ची दिली नाही, कारण खुर्ची एकच होती आणि तिच्यावर ती स्वतः बसली होती.

"तुम्ही कंपन्यांना सल्ला देता का, ताई?"

"कोणाला?"

मी यादी पुढे ठेवली. तिने बोट खाली सरकवत वाचली.

"ही आपली भेंडीच्या बियावाल्यांची. ही शेडनेटवाल्यांची. ही बचत गटाच्या बायांची, हिचे फॉर्म मीच भरते. ही वाटूरकडची, माझ्या भावानं आणून दिल्ती." बोट थांबलं. "समद्या शेतकऱ्यांच्या हायेत, सर. दहा-दहा जण मिळून कंपनी काढतेत. बी तयार करून मोठ्या कंपनीला देतेत. काय झालं?"

"या सगळ्यांच्या कागदावर तुमचा नंबर आणि तुमचाच ई-मेल का आहे?"

"मंग कुणाचा टाकू?" तिने बाकाकडे पाहिलं. "बाबा, तुमचा मोबाइल कुठंय?"

"थोरल्याकडं," बाकावरचा म्हातारा म्हणाला. "चाकणला."

"बघा. ओटीपी चाकणला जातो. तो माणूस मशीनवर उभा. फोन उचलत न्हाई. दहा मिनटांत ओटीपी मरतो. मंग परत पहिल्यापून फॉर्म. म्हून माझा टाकते. ओटीपी हितं येतो, काम बराबर होतं, बाबा घरी जातो."

"बराबर हाय," म्हातारा म्हणाला.

"आणि ई-मेल?"

"फॉर्म ई-मेल मागतो. न्हाई टाकला तर पुढं सरकत न्हाई. ह्यांनी कुठून आणावा?"

"गावात किती जणांचा नंबर म्हणून तुमचा नंबर आहे?"

"कुणाचा न्हाई ते इचारा, सर. जल्दी होईल."

मी लॅपटॉप उघडून नकाशा दाखवला. तांबडा बिंदू म्हणजे तुम्ही, या शेतकऱ्यांच्या कंपन्या, आणि हे पलीकडे बेट. तिने पडद्याजवळ तोंड नेऊन पाहिलं आणि मोठ्याने हसली.

"ऐकलं का? मी परदेशात कंपनी काढली म्हणं. बेटावर."

"मंग हितला पंखा तरी बदला, ताई," बाकावरून आवाज आला.

"बदलते. तुम्हाला इमानात बसून न्यायला येते." मग तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "हे कुठं छापणार तुम्ही?"

अहवाल जाहीर होणार होता. यादी कर खात्याकडे जाणार होती, आणि दोन वर्तमानपत्रांनी आधीच मागून ठेवली होती. मी हे सांगितलं तेव्हा तिचं हसणं थांबलं. तिच्या सेंटरमध्ये बँकेचं छोटं काउंटर होतं. निराधारांचं अनुदान, म्हाताऱ्यांची पेन्शन, सगळं तिथे अंगठ्यावर निघायचं. त्या काउंटरच्या परवान्याचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं. बँकेचा माणूस पडताळणीला येणार होता. शेजारच्या गावातलं एक सेंटर नुसत्या एका तक्रारीवर बंद झालं होतं. चौकशीत काही निघालं नाही, पण सेंटर पुन्हा सुरू झालं नाही.

"माझं नाव असल्या यादीत आलं तर काउंटर गेलं," ती म्हणाली. "आणि ते गेलं की सेंटर गेलंच. तुम्हीच काढलंय ना हे? मंग तुम्हीच पुसा."

मी तिथूनच पुण्याला फोन लावला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ती नाही म्हणते म्हणून काढायचं का? प्रत्येक मध्यस्थ हेच म्हणतो. आम्ही साधी माणसं, आम्ही फक्त फॉर्म भरतो."

"मी समोर उभा राहून पाहतोय. ती खरंच फक्त फॉर्म भरते."

"तुमचं पाहणं म्हणजे डेटा नव्हे. आणि नियम तुमचाच आहे. दोन स्वतंत्र खुणा. दोन्ही जुळतात."

फोन ठेवल्यावर मला डेस्कवरची एक गोष्ट आठवली आणि स्वतःचाच राग आला. तालुक्याच्या गावी चार दैनिकांचे चार वार्ताहर एकाच टपरीवर बसतात. एक जण बातमी लिहितो, बाकीचे तीच पुढे पाठवतात. यात कुणाला गैर वाटत नाही. आज याची पाळी, उद्या त्याची. एकदा रस्त्यावरच्या अपघातात एक माणूस मेल्याची बातमी आमच्याकडे आली. मी दुसऱ्या दैनिकात विचारलं, त्यांच्याकडेही होती. तिसऱ्याकडेही होती. दुजोरा मिळाला म्हणून मी ती पान एकवर लावली. दुसऱ्या दिवशी तो माणूस डोक्याला पट्टी बांधून आमच्या कचेरीत आला आणि खुर्चीवर बसून राहिला. चार बातम्या एका हाताने लिहिलेल्या होत्या. मोबाइल आणि ई-मेल या दोन खुणाही एकाच हाताने, एकाच खुर्चीत बसून भरलेल्या होत्या. त्या दोन नव्हत्याच. मला हे जिल्ह्यातल्या कुणापेक्षाही आधी कळायला हवं होतं, आणि मीच तो नियम लिहिला होता.

बाईंना मी हे लिहून कळवलं. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. मुद्दा मान्य आहे, पण शेतकरी कंपन्या आमच्या कामाच्या नाहीत. त्या बिंदूतून बेटाकडे जाणारी रेषा एकच आहे. ती रेषा चुकीची आहे हे कागदावर सिद्ध करा, सोमवारच्या आत, तर बिंदू फोडू. नाही तर तसाच जाईल.

ती एक रेषा एका म्हाताऱ्या बाईच्या नावावर होती. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या मालक कुटुंबाची गुंतवणूक कंपनी होती, त्या कंपनीचा बेटावरच्या कंपनीत हिस्सा होता, आणि गुंतवणूक कंपनीच्या भागधारकांत ही बाई होती. बेटावरून फुटलेल्या कागदांत तिची ओळख पटवणारा फॉर्म होता. त्यावर मोबाइल आणि ई-मेल सेंटरचा.

"काकीजी!" सेंटरवाली बाई नाव वाचून म्हणाली. "त्यांचा फॉर्म मीच भरल्ता. डायवर कागद घेऊन आल्ता जालन्याहून. नंबर इचारला तर काकीजी म्हणाल्या, माझ्याकडं फोन कुठंय, तुझाच टाक."

तिने बाकावरच्या सगळ्यांना अर्ध्या तासात येते म्हणून सांगितलं आणि शटर खाली ओढलं. बाकावरून नाराजीचे सूर आले. एकाने मला विचारलं, "तुम्ही इनकम टॅक्सचे का?" मी नाही म्हणालो. "मंग घाई कशाची?" तो म्हणाला.

काकीजींचं घर गावातच, त्यांच्या कापडाच्या दुकानामागे होतं. कुटुंब राजस्थानातून आलेलं, पण इथे त्यांची कितवी पिढी हे त्यांनाही मोजून सांगावं लागलं असतं. सत्तरीच्या पुढच्या, अंगाने बारीक, डोक्यावर पदर. त्या मला भैय्या म्हणाल्या आणि पाणी दिल्याशिवाय बोलू दिलं नाही.

"पुतण्या कागद पाठवतो," त्यांनी सांगितलं. "दर साली. डायवर येतो, चाय पितो, मी सही करते, तो जातो."

"कशाचे कागद असतात?"

"घरचे."

"वाचता तुम्ही?"

"इंग्रजी असतंय सगळं. जिथं पेन्सिलनं फुली असते तिथं सही."

मी त्यांना सांगितलं की त्या एका कंपनीच्या भागीदार आहेत, आणि ती कंपनी एका बेटावरच्या कंपनीची भागीदार आहे.

"कौनसा बेट?"

मी नाव सांगितलं.

"तिथं आपलं कोण राहतं?"

"कुणी नाही."

"मंग तिथं कशाला?"

पूर्ण प्रकल्पाचा प्रश्न त्यांनी तीन शब्दांत विचारला होता. मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं. बियाण्याच्या पिशवीवर जे नाव छापलेलं असतं त्या नावाची मालकी बेटावरच्या कंपनीकडे आहे. जालन्याची कंपनी ते नाव वापरते म्हणून दरवर्षी बेटाला भाडं देते. तेवढा नफा इथे कमी दिसतो, म्हणून इथे कर कमी बसतो. बेटावर कर जवळपास नाही. बेटावर एक कपाट आहे, त्यात फाइल आहे.

"आणि ही चोरी हाय?"

"नाही. कायद्यात बसतं."

"मंग तुम्ही एवढ्या उन्हात कशाला आलात?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते शेजारी बसलेल्या बाईने दिलं. "माझ्यासाठी आले, काकीजी. तुमच्या फॉर्मवर माझा नंबर हाय ना. त्याच्यामुळं मी तुमच्या बेटाची दलाल झाले. बँकेला कळलं तर काउंटर बंद करतेल. मंग तुमचं पासबुक भरायला तुम्ही अंबडला जा."

 काकीजी तिला म्हणाल्या, "पुतण्याला फोन लाव."

फोन सेंटरच्या नंबरावरून लागला, स्पीकरवर. पुतण्याने नम्रपणे नमस्कार केला, विषय ऐकला, आणि त्याचा आवाज बदलला.

"काकीजी, काही सही करू नका. मी वकिलांना पाठवतो."

"सही न्हाई. मी नुसतं लिहून देते, फोन नंबर माझा न्हाई म्हणून."

"तसं लिहून देऊ नका ना."

"नंबर माझा आहे का?"

"प्रश्न तो नाहीये, काकीजी…"

"माझा आहे का?"

"नाही, पण तुम्ही तसं लिहून दिलं की फॉर्म चुकीचा ठरतो. तिकडची बँक सगळे कागद परत मागेल. सहा महिन्यांचं काम होऊन बसेल."

"मागू दे. तू देशील. तुला इंग्रजी येतं."

"ते सरकारचे लोक आहेत का तिथे?"

"पेपरवाले भैय्या आहेत."

 मी संशोधन गटाचं काम करतो, पेपरात नाही, असं सांगायला तोंड उघडलं; काकीजींनी हात वर करून मला थांबवलं. पुतण्या म्हणाला की तो संध्याकाळी स्वतः येतो, तोवर थांबा. काकीजी म्हणाल्या, ये, जेवायलाच ये, आणि सेंटरवाल्या बाईला फोन बंद करायची खूण केली. मग त्यांनी दुकानातून एक कोरा कागद मागवला आणि स्वच्छ, गोल अक्षरात लिहिलं की अमुक मोबाइल नंबर व ई-मेल माझा नाही, माझ्याकडे मोबाइल नाही, फॉर्म भरणाऱ्या बाईचा माझ्या कोणत्याही कंपनीशी संबंध नाही. खाली सही केली. या वेळी पेन्सिलची फुली नव्हती, म्हणून त्यांनी मला विचारलं, कुठे करू.

सेंटरवर परतल्यावर कागद स्कॅन झाला आणि सेंटरवाल्या बाईने तो लगेच पुण्याला पाठवून दिला. वीस मिनिटांनी बाईंचा फोन आला.

"तुम्ही माझी चेष्टा करताय का? तो ई-मेल मध्यस्थाचा नाही याचा पुरावा त्याच ई-मेलवरून आलाय."

मी तोच कागद माझ्या पत्त्यावरून पुन्हा पाठवला. सोबत शेतकरी कंपन्यांच्या तीन अध्यक्षांची तसलीच पत्रं जोडली. ती मिळवायला आणखी दोन दिवस गेले, कारण एक अध्यक्ष लग्नाला गेले होते आणि दुसऱ्यांचं म्हणणं होतं की माझा नंबर नाही असं लिहून दिलं तर पीक विमा अडकेल. त्यांना समजावण्यात अर्धी दुपार गेली. शेवटी त्यांनी लिहून दिलं, पण वर एक ओळ स्वतःहून घातली: विम्यासाठी हाच नंबर चालू ठेवावा.

सोमवारी बाईंनी बिंदू फोडला. मी जालन्यात घरी बसून ते पडद्यावर पाहिलं. तांबडा बिंदू नाहीसा झाला आणि त्याच्या जागी बारीक करड्या ठिपक्यांचे घोळके उरले. भेंडीवाले, शेडनेटवाले, बचत गटाच्या बाया, सगळे आपापल्या दहा माणसांत. बेटाकडे जाणारी एकच गोष्ट शिल्लक राहिली. जालन्याची बियाणे कंपनी, कुटुंबाची गुंतवणूक कंपनी, बेटावरची कंपनी. पानाच्या कोपऱ्यात तीन ठिपके आणि दोन रेषा.

"म्हणजे जालन्यात काहीच नाही?" बाईंनी विचारलं.

"आहे. ते तीन ठिपके. आपण शोधत होतो ते तेच."

"तीन ठिपक्यांना नेटवर्क म्हणत नाहीत."

"पण खरं तेवढंच आहे."

"खरं आहे हो. दिसत नाही ना पण."

जालन्याचं स्वतंत्र प्रकरण रद्द झालं. तीन ठिपके तळटीपेत गेले. नकाशात जे काही डोळ्यात भरत होतं ते सगळं माझ्या नियमाच्या चुकीतून आलं होतं, आणि जे बरोबर होतं ते पाहायला कुणी थांबणार नव्हतं. पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद वाढवावा अशी विनंती मी केली. एका जागी बसून एका माणसाने भरलेल्या दोन खुणा या दोन खुणा नव्हेत. फॉर्म कुणी आणि कुठे भरला हे आधी पाहावं. बाईंनी तो परिच्छेद घेतला. संपादकांनी लांबीसाठी काढला.

अहवाल जाहीर झाला त्या दिवशी सकाळी सेंटरवाल्या बाईचा फोन आला.

"आज चार वाजता बँकेचा साहेब येऊन राह्यलाय. तुम्ही अकराला या."

"ताई, नाव काढलंय. मी स्वतः पाहिलंय."

"तुम्ही पाहिलंय. मी न्हाई पाहिलं. माझ्यासमोर शोधा."

मी गेलो. तिने तिच्याच संगणकावर अहवाल उतरवून घेतला आणि शोधायच्या चौकोनात स्वतःचा नंबर टाकला. काही सापडलं नाही. ई-मेल टाकला. काही सापडलं नाही. मी निघायला लागलो.

"हे काय हाय?" तिने विचारलं. अहवालासोबत परिशिष्टाची वेगळी फाइल होती. मूळ नोंदींची लांब यादी, कुणी उघडत नाही अशी. तिने उघडली आणि नंबर टाकला. एक ओळ पिवळी झाली. काकीजींचं नाव, शेजारी सेंटरचा नंबर आणि ई-मेल, आणि त्यापुढच्या रकान्यात एक शब्द. मध्यस्थ.

तिने पडदा माझ्याकडे वळवला. मी दारात जाऊन पुण्याला फोन लावला. बाई बैठकीत होत्या. मी त्यांच्या सहायकाला सांगितलं. सहायक म्हणाला की परिशिष्ट आपोआप तयार होतं, त्यात हात घालता येत नाही. मी त्याला विचारलं, आपोआप म्हणजे कुणी? तो म्हणाला, सिस्टिम. मी बाईंना निरोप पाठवला, मग आणखी एक, मग तिसरा. तिसऱ्यात मी लिहिलं की मूळ यादी मी साफ केली होती, तेव्हा चूक माझ्या नावावर जाहीर करा, पण ओळ आज दुपारच्या आत काढा.

"मी जालन्याला जाऊन बघतो," मी आत येऊन म्हणालो.

"कुठं जाता? बाकावर बसा, सर. हितं समदे काम होऊस्तोर बसतेत."

मी बसलो. शेजारच्या बाईने विचारलं, तुमचं काय अडकलंय. मी म्हणालो, एका कागदातून एक नंबर काढायचाय. ती म्हणाली, टाकायला एक दिवस लागतो, काढायला महिना. तिच्या मुलीच्या दाखल्यात पत्ता चुकला होता आणि ती चौथ्यांदा आली होती. एकाचा सातबारा, एकाचं रेशन कार्ड, एकाच्या बापाचा मृत्यू दाखला. माझ्यानंतर आलेले तिघे काम करून गेले. दुपारी सेंटरवाल्या बाईने डबा उघडला, अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला, आणि परिशिष्टाची फाइल पुन्हा उतरवून पाहिली. ओळ होती. दोन वाजता पाहिली. होती. अडीचला बाईंचा फोन आला. त्यांनी कुणावर तरी आवाज चढवल्याचं त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं.

"काढतोय. फाइल बदलायला वेळ लागतो. आणि ऐका, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"माझ्याही," मी म्हणालो.

सव्वातीनला नवी फाइल आली. सेंटरवाल्या बाईने मला उठू दिलं नाही. तिने स्वतः नंबर टाकला. मग मधे जागा सोडून टाकला. मग पुढे देशाचा आकडा लावून टाकला. ई-मेल टाकला. शेवटी स्वतःचं नाव मराठीत आणि इंग्रजीत टाकलं, जे त्या अहवालात कधीच नव्हतं. प्रत्येक वेळी काही सापडलं नाही.

बँकेचा माणूस चारच्या थोडं आधी आला. त्याने अंगठ्याचं यंत्र चालवून पाहिलं, दरपत्रक भिंतीवर लावलंय का ते पाहिलं, नोंदवही चाळली. ऑनलाइन नाव तपासावं लागतं म्हणून त्याने तिच्याच संगणकावर तिचं नाव आणि नंबर शोधला. पडद्यावर गावच्या यात्रेच्या एका जुन्या पत्रिकेतली जाहिरात आली, तिच्या सेंटरची. त्याने ती वाचली, नूतनीकरणाच्या अर्जावर शिक्का मारला आणि चहा घेतला.

तो गेल्यावर तिने शिक्क्याची शाई वाळेपर्यंत अर्ज हातात धरून ठेवला. मग तो प्लास्टिकच्या फाइलीत घातला, काउंटरची खिडकी उघडली आणि पेन्शनच्या लोकांना रांग लावायला सांगितलं.